वरचं निवळ

आमच्या मेडिकल दुकानात फ्रीज आला तेव्हा समोरचा रसवंतीवाला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याला वाटलं, आता आम्ही थंड पेयं विकणार आणि ऐन उन्हाळ्यात त्याच्या पोटावर पाय देणार. तिसऱ्या दिवशी न राहवून तो आत आला, फ्रीजचं दार स्वतःच उघडून बघितलं आणि आतल्या बोटभर उंचीच्या बाटल्या बघून म्हणाला, "वैनी, एवढ्याशा बाटल्यांसाठी एवढा मोठा फ्रीज?" मी म्हटलं, "हो, आणि ह्यातली एकही तुझ्या गिऱ्हाइकाला चालणार नाही. जा आता, मला काम आहे." त्या दिवसापासून रोज दुपारी त्याच्याकडून एक पेला रस माझ्या टेबलावर येऊ लागला. तो बिनबर्फाचा, म्हणजे काठोकाठ रसाचाच असे, एवढं मात्र मला मान्य करायला हवं.

हे अठ्ठ्याण्णव सालातलं. रत्नागिरीत एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर आमचं दुकान. आम्ही दोघं नवरा-बायको फार्मसी शिकलेले. माल मागवणं, बिलं, हिशोब आमच्या ह्यांच्याकडे आणि काउंटर माझ्याकडे. इन्सुलिनची गिऱ्हाइकं तर सगळी माझीच, कारण त्यांच्याशी बोलावं लागतं आणि आमच्या ह्यांना बोलण्याचा मनापासून कंटाळा. मला तो कधी आला नाही. उलट मी फार बोलते अशीच तक्रार असायची, आणि जरा फटकळपणाने बोलते अशीही.

ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इन्सुलिनचे प्रकार पुष्कळ, पण त्या काळी आमच्या फ्रीजमध्ये मुख्य दोनच असत. एक पाण्यासारखं स्वच्छ. ते झटपट काम करतं आणि लवकर संपतं. दुसरं दुधाळ, मधल्या पल्ल्याचं. त्यात औषधाचे अगदी बारीक कण मुद्दाम ठेवलेले असतात. कातडीखाली गेले की ते सावकाश विरघळतात. सकाळी टोचलं तर दुपारच्या सुमाराला ते ऐन भरात येतं आणि संध्याकाळपासून ओसरू लागतं. म्हणजे दर जेवणाला सुई नको, दिवसातून एकदा किंवा दोनदा पुरतं. खेड्यातल्या माणसाला हे फार सोयीचं होतं, म्हणून आमच्याकडे जास्त खप दुधाळ बाटलीचाच.

पण ह्या दुधाळ बाईचे नखरे फार. उन्हात ठेवायची नाही आणि गोठवायचीही नाही. एका निवृत्त गुरुजींना मी "फ्रीजमध्ये ठेवा" म्हटलं, तर त्यांनी ती बर्फाच्या खणात, बांगड्यांच्या पिशवीला खेटून ठेवली. आठवड्याने बाटली घेऊन आले. आत साबुदाण्यासारख्या गुठळ्या. मला म्हणाले, "बाई, माल नासका आहे." मी बाटली नाकाशी नेली आणि म्हटलं, "गुरुजी, माल चांगला होता. आता त्याला बांगड्याचा वास आहे." गुरुजी शाकाहारी. बांगडे सुनेचे. घरात त्यावरून काय झालं ते मी विचारलं नाही.

आणि टोचल्यावर जेवायलाच हवं. आमचे एक आंबा बागायतदार संकष्टीला सकाळी इन्सुलिन टोचून घेत आणि चंद्रोदयाची वाट बघत दिवसभर उपाशी राहत. दुपारी औषध भरात आलं की पोटात काही नाही, मग रक्तातली साखर खाली. अशा वेळी माणूस घामाघूम होतो, चिडतो, असंबद्ध बोलतो. हे गृहस्थ बागेत गड्यांना शिव्या द्यायला लागले. पण शिव्या रोजच्याच होत्या, म्हणून कुणाला संशय आला नाही. शेवटी ते एका गड्याला "काकी" म्हणायला लागले तेव्हा त्याने घाबरून त्यांच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला आणि मालक ताळ्यावर आले. गणपतीबाप्पाला तुमची साखर खाली गेलेली नको आहे, असं मी त्यांना सुनावलं. पुढे ते संकष्टीला साबुदाण्याची खिचडी दोनदा खाऊ लागले.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण मला ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ती दोन माणसं देवरूखच्या पलीकडल्या एका डोंगरातल्या वाडीची. चंद्रामावशी आणि त्यांचे यजमान गणपतमामा. मामांनी उमेदीची वर्षं मुंबईत गोदामात काढली, मग गावी येऊन शेती बघू लागले. मुलगा मुंबईतच नोकरीला. घरात ही दोघंच. मामा शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी नाचवणारे. खांद्यावर पालखी घेऊन ढोलाच्या तालावर नाचवणं सोपं काम नाही, तोल सांभाळायला पावलं घट्ट लागतात. मामा शिमग्याच्या गोष्टी सांगायला लागले की काउंटरवरची बाकीची गिऱ्हाइकं औषध घ्यायची विसरत.

त्यांना दुधाळ इन्सुलिन चालू होतं. सुई मावशी टोचत. मामा स्वतः सुईकडे बघतसुद्धा नसत, तोंड भिंतीकडे. मावशी मात्र मोठ्या निगुतीच्या. घरी फ्रीज नाही, तर मी सांगितल्याप्रमाणे मातीचं छोटं मडकं, त्याला ओलं फडकं, आणि त्यात बाटली. ह्या बाटलीच्या मापाची सिरिंज म्हणजे लाल टोपणाचीच, हे त्यांना पाठ. बाटली संपली की ती रिकामी बाटली पदरात बांधून आणायच्या आणि काउंटरवर ठेवून म्हणायच्या, "ह्याच्यासारकी द्या." वाचता येत नसलं तरी चुकीचं औषध घरात जायला नको म्हणून. मी दुसऱ्या गिऱ्हाइकांना त्यांचं उदाहरण द्यायची.

आणि तरीही मामांची साखर खाली येईना. तपासणीला रत्नागिरीला आले की आकडा चढलेलाच. समोरच्या इमारतीतले डॉक्टर सज्जन आणि कळकळीचे. त्यांनी खाणंपिणं विचारलं, भात कमी केला, डोस वाढवला, पुन्हा वाढवला. तो मूळ डोसाच्या दुपटीच्या पुढे गेला. तशात मामांच्या उजव्या तळपायाला वहाणेचा खिळा लागला. जखम भरेना. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडू लागलं. डॉक्टरांनी मामांना बाहेर बसवून मावशींना सांगितलं, की साखर आटोक्यात आली नाही तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. मावशी तशाच माझ्याकडे आल्या, बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "वैनी, मी काय कमी करत्ये? काय करायचं ऱ्हायलंय, तेवडं सांगा." मी त्यांना पाणी दिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मावशींचा भाऊ गेला आणि त्यांना माहेरी जावं लागलं. टोचायचं काम त्यांनी शेजारच्या सुरेखावर सोपवलं. ही सुरेखा त्या घरची सून. तिचा नवरा लोट्याला कारखान्यात होता, आणि लग्नाआधी ती एका दवाखान्यात कामाला असल्यामुळे तिला इंजेक्शन देता येई. पोरगी हुशार आणि हाताने हलकी. तिने सकाळी मामांना टोचलं आणि आपल्या कामाला गेली.

दुपारी मामा बांधावर बसल्या बसल्या कलंडले. अंगाला घामाच्या धारा, जीभ जड. सुरेखानेच धावत जाऊन, शुद्ध होती तोवर, गुळाचं पाणी पाजलं. तरी गुंगी उतरेना, म्हणून वाडीतल्यांनी जीप करून देवरूखला नेलं. शिरेतून ग्लुकोज गेलं तेव्हा मामांनी डोळे उघडले. वाडीत मात्र बोलवा झाली, की सुरेखाने काहीतरी चुकीचं टोचलं. बिचारीला पाणवठ्यावर जायची चोरी झाली.

दोन दिवसांनी सकाळच्या पहिल्या गाडीने मावशी माझ्या दुकानात हजर. केस विस्कटलेले, आवाज चढलेला. पदरातून बाटली काढून त्यांनी काउंटरवर आपटली.

"बगा ही बाटली! त्या सुरेखानं गढूळच टोचलान. घोव माजा मराय टेकला व्हता!"

"गढूळ म्हणजे?"

"म्हंजी निवळाय दिलान न्हाय! मी रोज सांजचं बाटली फिरवून मडक्यात ठेवत्ये. तुमीच सांगितलात ना, फिरवून घ्या म्हून? सकाळपर्यंत निवळ वर येतं नि गाळ खाली बसतो. मग बाटली अलगद कलती करून वरचं निवळ तेवडं काढत्ये. गाळाला सुई म्हून लागाय देत न्हाय. नि हिनं समदं एक करून टोचलान!"

माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं घर आलं. पावसाळ्यात आमच्या कोकणात पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी तांबडं होतं. घरोघरी बायका ते हंड्यात भरतात, तुरटीचा खडा आत फिरवतात आणि रात्रभर हंडा हलवत नाहीत. सकाळी वरचं निवळ पिण्याला, खालचा गाळ टाकून. मी सांगितलेलं "फिरवा" मावशींनी तंतोतंत पाळलं होतं. फक्त फिरवल्यावर निवळू द्यायचं असतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते त्यांच्या हाताला लहानपणापासून माहीत होतं.

"आणि गाळाचं काय करता?" मी विचारलं.

"ओतत्ये केळीच्या बुंध्यात. बाटली धुऊन तुमाला दावायला आनत्ये."

त्या धुतलेल्या बाटल्या मी किती वेळा हातात घेतल्या होत्या. स्वच्छ बाटली बघून काय कळणार? मी मावशींना आत बोलावलं, स्टुलावर बसवलं. हे कसं सांगावं ते मला सुचत नव्हतं, आणि माझ्यासारखीला न सुचणं म्हणजे कठीणच. शेवटी म्हटलं, "मावशी, तुम्ही ताक वाढता तेव्हा आधी काय करता?"

"ढवळत्ये."

"न ढवळता वाढलं तर?"

"वरचं पानी येतं वाटीत. ताक ऱ्हातं तळाला."

काउंटरवरची बाटली त्यांनी उचलली आणि उजेडात धरली. काउंटरवर ठेवल्यापासून ती निवळत आली होती: तळाशी पांढरा थर, वर स्वच्छ पाणी.

"म्हंजी औषध तळाला हाय?"

"हो, मावशी."

"नि मी ह्यांना पानी टोचत व्हत्ये."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "पाय माज्यामुळं चाल्लाय," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

मी दुकान ह्यांच्यावर टाकलं आणि त्यांना घेऊन समोर डॉक्टरांकडे गेले. कारण आता घाई होती. डोस वाढला होता तो निवळाच्या हिशोबाने. तोच डोस नीट एकजीव करून टोचला की काय होतं, ते सुरेखाच्या हातून दिसलंच होतं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोस तिथल्या तिथे खाली आणला. मग मावशींना म्हणाले, "आजी, तुमची चूक नाही. मी दर वेळी कागदावर आकडा वाढवला. एकदा तरी तुम्हाला म्हणायला हवं होतं, की माझ्यासमोर टोचून दाखवा." मावशींनी मान हलवली, पण त्यांच्या कानात ते गेलं असं मला वाटलं नाही.

त्या संध्याकाळी एसटीतून उतरून मावशी आपल्या घरी गेल्या नाहीत, आधी सुरेखाच्या दारात गेल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, की पोरीने बरोबर केलं, चुकत होते ती मी. हे मला पुढे सुरेखानेच सांगितलं. वाडीत असं उघड बोलायला काय लागतं ते वाडीत राहणाऱ्यालाच कळेल. मला त्या बाईचा फार अभिमान वाटला.

पण त्या दिवसापासून मावशींनी सुई हातात धरली नाही. "माज्या हातानं नको," हे एकच वाक्य. सुरेखा टोचत होती तोवर निभावलं. साखर उतरू लागली, जखम कडांनी भरून येऊ लागली, डॉक्टर हसू लागले. बोट एक गेलंच, पण पाय वाचेल असं ते म्हणाले. आणि मग सुरेखाला नवऱ्याकडे लोट्याला जायची वेळ आली. तिकडे खोली मिळाली होती, ती बिचारी किती दिवस थांबणार? मामा स्वतः टोचायला बसले, तर हात थरथरून सुई वाकली. मुलगा मुंबईला चला म्हणत होता, तर दोघंही तयार नाहीत. एक दिवस औषधाविना गेला, मग दुसरा. भरत आलेली जखम पुन्हा ओलावली.

तिसऱ्या दिवशी मामा मावशींना घेऊन दुकानात आले. पायाला पट्टी, हातात काठी. मावशी दारातच उभ्या, आत येईनात. मामांनी खिशातून बाटली आणि सिरिंज काढून काउंटरवर ठेवली आणि मला म्हणाले, "वैनी, ह्या बाईला सांगा काय ता. माजं ऐकत न्हाय."

"मी टोचते आज," मी म्हटलं.

"तुमी आज टोचाल. उद्या? मना हिच्याच हातानं घ्यायचंय."

"माज्या हातानं इक्ती वर्सं पानी घेतलात, ता पुरे न्हाय झालं?" मावशी दारातून म्हणाल्या.

मामा वळले. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, पण मामांना त्याचं काही नव्हतं.

"वैनी, तुमाला सांगतंय," ते मला म्हणाले, पण बघत होते मावशींकडे. "पावसाळ्यात आमच्यात हंडा निवळला की वरचं पानी माज्या तांब्यात येतं. लगीन झाल्यापास्नं. पोरगा झाला, मग त्याच्याबी तांब्यात. तळाचं उरतं ता ही पित्ये. किती येळा सांगितलं, मनाबी चालतंय तळाचं, पन न्हाय. बाटलीतलंबी वरचं निवळ हिनं मनाच दिलान. आता त्यात औषध नव्हतं, ता हिला काय ठावं? चांगलं समजून दिलान ना? मग ज्या हातानं चांगलं देत आली, तो हात सोडून मी दुसऱ्याचा कुनाचा धरू?"

खोकल्याचं औषध घ्यायला आलेला एक कॉलेजचा मुलगा बाटली हातात घेऊन तसाच उभा राहिला. माझे डोळे भरून आले होते, ते मी लपवले नाहीत.

मावशी आत आल्या. पदराला हात पुसले. बाटली उचलली आणि दोन तळव्यांमध्ये धरली. मग ताकाची छोटी रवी फिरवावी तशी ती हळूहळू फिरवू लागल्या. तळाला बसत आलेला पांढरा थर सुटला, वर चढला आणि सगळी बाटली दुधाळ झाली.

"येवडं पुरे?" त्यांनी मला विचारलं.

"अजून थोडं."

त्यांनी अजून थोडं फिरवलं. मग बाटली उलटी धरली, माप ओढलं, सुई उजेडात धरून मला दाखवली. मी मान डोलावली. मामांनी सदरा वर केला आणि सवयीप्रमाणे तोंड भिंतीकडे वळवलं. तिथे आमच्या ह्यांनी टांगलेली औषध कंपनीची दिनदर्शिका होती, तिच्याकडे बघत राहिले. मावशींनी पोटाला चिमटीत धरून टोचलं. हात जरासुद्धा हलला नाही. आणि मामा जेवले की नाही ते विचारायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशींनीच पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं.

त्यानंतर दर महिन्याला मावशी येत, पण आता बाटली धुऊन आणत नसत. तळाशी काही उरलेलं नाही हे मला दाखवायचं असे. दुकानात दुधाळ बाटली घेणारं नवीन कुणी दिसलं की माझ्या आधी त्याच बोलत. "थांबा. मी काय केलं व्हतं ता आयका," असं म्हणून सगळं सांगत, काही हातचं न राखता. एका बँकेतल्या साहेबांना त्यांनी काउंटरवरच तीनदा बाटली फिरवायला लावली होती. मी त्यांच्यामागे उभी राहून गप्प ऐकायची. मी गप्प ऐकते हे बघायला आमचे हे आतून बाहेर येत.

आता आमचं दुकान भाचा चालवतो. इन्सुलिनची पेनं आली, घरोघर फ्रीज आले. जुनी बाटली पदरात बांधून "ह्याच्यासारकी द्या" म्हणणारं कुणी राहिलं नाही. औषध घरपोच जातं, पण ते घेणारा त्याचं पुढे काय करतो हे कुणाला माहीत नसतं. ह्याची मला अजून काळजी वाटते.

मावशींनी दुकानात पुन्हा सुई धरली, त्यानंतरच्या पहिल्या शिमग्याला मामांनी आम्हाला आग्रहाने वाडीत बोलावलं. पाय वाचला होता. पालखी मात्र त्यांना खांद्यावर घेता आली नाही, एका बोटाशिवाय तोल राहत नव्हता. त्यांनी ढोल घेतला आणि त्यांच्या ढोलावर बाकीचे नाचले. पालखी पुढल्या घरी गेल्यावर आम्ही ओटीवर बसलो. ऊन कडक होतं. मावशींनी ताकाचं मडकं आणलं आणि तीन पेले मांडले, आम्हा दोघांचे आणि मामांचा. मामांनी उठून आतून चौथा पेला आणला. मावशींच्या हातातून रवी घेतली, दोन तळव्यांत धरून मडक्यात तळापासून फिरवली आणि पहिला पेला त्यांचा भरला.